कड्यावरची गाठ

१४ मे

प्रिय ताई,

"फुलाला भुलू नकोस, वाळेपर्यंत थांब," असं तू मला म्हणाली होतीस. मी शाळेत होते, ओंजळभर पांढऱ्या डेझी खुडून आणल्या होत्या आणि कौतुकाची वाट बघत होते. आज सकाळपासून तेच वाक्य डोक्यात घोळतंय.

बाकी इकडे सगळं ठीक. ह्यांचा खोकला गेला. लेकीने केस कापून घेतलेत, आता ती अगदी तुझ्यासारखी दिसते. हट्टी तर आधीपासूनच तुझ्यासारखी होती.

बेटावरून तू पाठवलेली पेटी पोचली. वनस्पती-संग्रहालयातल्या माझ्या टेबलावर ती उघडली की डांबरगोळ्यांच्या वासात थोडी समुद्राची हवा मिसळते, तेवढ्यासाठी मी झाकण सावकाश काढते. पश्चिमेच्या कड्यावरचा नमुना हाती आला आणि मी खुर्चीतून उठलेच. जाड, निळसर राखाडी पानं, अशी आपल्याकडे नोंदलेल्या एकाही जातीची नाहीत. आणि फूल मात्र चांगलं थोराड. दोन दिवस मी हवेत होते. साहेबांना दाखवलं तर ते म्हणाले, "नवी जात निघाली तर नाव तुमच्या ताईंचंच." मी म्हटलं, "ती विचारेल, त्या झुडपाने माझं काय वाकडं केलंय?"

मग भिंगाखाली देठ बघितले. फूल त्या फांदीचं नव्हतंच. पानं एका झुडपाची आणि फूल शेजारच्या, नेहमीच्या जातीच्या झुडपाचं. एका पिशवीत दोन झुडपं.

ताई, ही चूक मी करते. नवीन आलेली मुलं करतात. तू नाही. तू दोरावर लटकलेली असतानाच, कापायच्या आधी, प्रत्येक फांदीला खुणेच्या दोऱ्याची गाठ मारतेस. एक हात खडकावर, दुसरा हात आणि दात दोऱ्याला. तुझी ती गाठ मी डोळे मिटून ओळखेन, आमची कपाटं भरली आहेत तिने. या खेपेला फांदीला दोरा नुसता गुंडाळला होता, वरून चिकटपट्टी. फुलाला तर काहीच नव्हतं.

म्हणून मी फोन केला होता. तू हसलीस. "अगं कंटाळा आला एखाद दिवस. तू काय गाठी तपासायला बसलीस का तिथे?"

"हात बरा आहे ना?" मी विचारलं.

तू वाऱ्याबद्दल बोलायला लागलीस. यंदा वारा फार आहे, छपराचा पत्रा वाजतो, झोप लागत नाही. मग म्हणालीस, "फुलावरून काही ठरायचं नाही. महिनाअखेरीला फळं वाळतील, मी उतरून आणते. तू निश्चिंत राहा, भित्री भागूबाई."

तुझं बरोबर आहे, तेच तर वाईट आहे. या डेझीच्या झुडपांची फुलं म्हणजे सगळ्या बहिणी बहिणी, काठाला पांढरं, मध्ये पिवळं. खरा फरक वाळलेल्या फळांत, एकेका फुलात बियांसारखी दाटलेली असतात त्यांत. काठाच्या फळांना पंख आहेत का, मधली चपटी आहेत का, काठाची एकमेकांना चिकटलीत की सुटी आहेत. ते बघितल्याशिवाय त्या राखाडी पानांना कुठल्या जातीशेजारी ठेवायचं ते मला सांगता येणार नाही. आणि या फळांना उडायला केसांचा झुपका नसतो. आईच्या पायाशीच पडतात बिचारी. म्हणून एका कड्यावरचं झुडूप दुसऱ्या कड्यावर मिळत नाही, आणि म्हणून तुला त्याच कड्यावर उतरावं लागतं.

इतकं लिहिलं आणि जे लिहायचं ते राहिलंच.

आपल्या आईचं बटणांपासून सुरू झालं होतं. ती म्हणायची, हल्ली काजंच लहान शिवतात. आपण दोघी हसायचो. मग हातातून कप सुटायला लागले. मग डॉक्टर म्हणाले की हे मुलींकडे येऊ शकतं, आणि आपण दवाखान्याच्या जिन्यात उभ्या राहून रिक्षा करायची की चालत जायचं एवढंच बोललो. त्यानंतर आजतागायत तो विषय नाही.

मी रोज सकाळी डोळे मिटून बटणं लावते. लागतात. लागली की बरं वाटतं, आणि परवापासून त्या बरं वाटण्याची लाज वाटते.

फांदीवरची गाठ सुटली तर फार तर माझा नमुना चुकतो. पण तुझ्या कमरेच्या दोराची गाठही तूच मारतेस. त्याच बोटांनी. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीस. हे ध्यानात आलं तेव्हा मी डबा उघडून बसले होते, तो तसाच बंद केला. आता भिंग धरलं की माझा हात थरथरतो, आणि हे नुसत्या भीतीने होतंय की दुसऱ्या कशाने, ते मला कळत नाही.

जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर तू उद्याच जाशील, फळं वाळायची वाटसुद्धा बघणार नाहीस. मी रजा टाकली आहे, बोटीचं तिकीट काढलं आहे. गच्चीच्या कठड्यापासून हातभर लांब चालणारी मी त्या कड्याच्या काठाशी येऊन उभी राहीन. तू उतरायच्या आधी कमरेची गाठ मला मारू दे. तूच शिकवलेली आहे, मी खुर्चीच्या पायाला बांधून बघितली, अजून येते.

तू म्हणशील, तुला तिथे चक्कर येईल, तुला सांभाळू की फळं काढू. म्हणशील, माझी गाठ माझी मला मारता येते. तू नाहीच म्हणशील, ताई, तुझं नाही मला पाठ आहे. तरी विचारते. तेवढी एक गाठ मला मारू देशील?

तुझी,
भित्री भागूबाई