सहा टोप्या आणि एक सूड

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. संध्याकाळी ६.१०

आजपासून उन्मेष माझा शत्रू. तारीख आणि वेळ लिहून ठेवते, म्हणजे पुढे सूड घेताना तपशिलात चूक व्हायला नको.

घडलं ते असं. इंदूरच्या छत्रीबागेत इंदुमतीबाईंच्या घरी आमच्या एस्पेरांतो मंडळाची बैठक होती. एस्पेरांतो म्हणजे सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेली भाषा. मंडळात पाच जण, त्यातला मानस मुख्यतः पोह्यांसाठी येतो. उन्मेष आमच्या चार पानी पत्रिकेचा संपादक. त्याने माझा नवा लेख सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. आता, एस्पेरांतोत सहा अक्षरांच्या डोक्यावर टोपी असते. ĉ, ĝ, ĥ, ĵ, ŝ, आणि ŭ ची टोपी उलटी, आपल्या ॲ वरच्या चंद्रासारखी. कीबोर्डवर यातलं एकही अक्षर नाही. म्हणून मी टोपीऐवजी अक्षरापुढे x लिहिते. cx, gx, असं. पुष्कळ लोक लिहितात. चालतं.

उन्मेषने प्रत्येक x वाचला. लेखात बाबांच्या मिलचा भोंगा वाजतोय, पाळी सुटतेय, आणि हा मध्येमध्ये क्स, क्स, जणू कोणी बकऱ्या हाकलतंय. इंदुमतीबाई इतक्या हसल्या की बशीतली शेव गालिच्यावर सांडली. मीही हसले, कोणाला कळू नये म्हणून. त्या हसण्याचा सूड वेगळा घेतला जाईल.

वर म्हणतो, वसुधाजी, टोप्या घालायला शिकून घ्या ना, पंधरा मिनिटांचं काम आहे, मी दाखवतो.

दाखवतो म्हणे. त्याचे पणजोबा संस्थानाच्या कचेरीत होते. माझे बाबा मिलमध्ये कापडाच्या थानांवर ठप्पे मारायचे आणि सहीपलीकडे त्यांना लिहिता येत नाही. आमच्या घरात चौथीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे त्याला माहीत आहे. लेखातच लिहिलं होतं.

ठराव: टोप्या शिकायच्या, एकटीने. १५ डिसेंबरच्या विशेषांकाआधी संपादकपद त्याच्याकडून काढून घ्यायचं. मग त्याचा लेख भर बैठकीत वाचायचा, चुकांसकट. साधनं मात्र शुद्ध हवीत. खोटं बोलायचं नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार. जेवणाची सुट्टी

घरी कॉम्प्युटर नाही. ऑफिसचा वापरावा लागणार. मालक रघुवीरजींची परवानगी मागितली. ते फोनवर होते. हां बेटा, कर ले, कर ले, म्हणाले. ते मला म्हणाले की फोनवरच्या माणसाला, याची खात्री नाही. संध्याकाळी पुन्हा विचारेन.

मेनूमधून एकेक टोपीवालं अक्षर माऊसने उचलून आणलं. एका वाक्याला अकरा मिनिटं. पण वाक्य सुंदर दिसलं.

एक गोष्ट आत्ता सुचली. माझे आधीचे दोन लेख पत्रिकेत टोप्यांसकट छापून आले होते, कारण झेरॉक्सवाल्याचं मशीन चांगलं आहे, आपोआप घालतं. म्हणजे या खेपेला उन्मेषने लेख मशीनकडे जायच्या आधीच मुद्दाम वाचला. पूर्वनियोजित होतं.

५ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ८.४०

नवी पद्धत. प्रत्येक टोपीवाल्या अक्षराचा नंबर असतो. शून्य एक शून्य नऊ म्हणजे ĉ. सहाही नंबर पाठ करते आहे. बाबांनी विचारलं, कोणत्या गाडीचा नंबर घोकून राहिली. मी म्हटलं, अक्षरांचे आहेत. ते म्हणाले, मिलमध्ये थानांना नंबर असायचे, अक्षरांना नंबर म्हणजे भारी भाषा आहे.

बाबांनी पत्रिकेचे दोन्ही अंक प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डासोबत ठेवले आहेत. पाहुणे आले की काढतात. इंग्रजी उघड्या डोक्याने फिरते, हिच्या अक्षरांना टोप्या आहेत, म्हणजे ही सभ्य लोकांची भाषा, असं ते सुमनमावशीला समजावून सांगत होते. उन्मेष ज्या गोष्टीला हसला ती ही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी १.५०

विजय.

एक लहानसा प्रोग्राम मिळाला. फुकट आणि कायदेशीर, अटी दोनदा वाचल्या. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाकला. आता c लिहून x दाबला की x गायब आणि c च्या डोक्यावर टोपी. ज्या x ने माझी बेइज्जती केली तो आता माझा नोकर. उन्मेषला पंधरा मिनिटं लागतात. मला पाच दिवस लागले, पण मी कोणाला विचारलं नाही.

पडद्याकडे न बघता टाइप करते. कॉलेजपासूनची सवय. त्याचा थोडा अभिमान आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी १२.१५

मानपुरहून गॅरेजवाल्याचा फोन. म्हणाला, मॅडम, ये G के ऊपर छप्पर किस खुशी में डाला है, और मेरा माल किधर है, गाडी चार दिन से बोनट खोल के खडी है.

आमच्याकडे ट्रकचे सुटे भाग मिळतात. त्यांचे नंबर असे असतात: GX-14, CX-40, SX-7. कोणता माल कोणाला पाठवायचा त्याच्या चिठ्ठ्या मी टाइप करते. पडद्याकडे न बघता.

शुक्रवारपासून एकतीस चिठ्ठ्या. एकतीसही टोप्यांच्या.

गोदामातल्या रजतभियांना विचारलं की तुम्ही बोलला का नाहीत. ते म्हणाले, मॅडम, आप पढी-लिखी हो, हमको लगा इम्पोर्टेड माल की नई सीरीज आई है. त्यांनी टोपीवाल्या चिठ्ठ्यांसाठी वेगळं खोकं केलं होतं. त्यावर खडूने विदेशी असं लिहिलं होतं. माल आला की भरू म्हणून ते वाट बघत होते.

प्रोग्राम काढायला गेले तर आता सगळंच भलतं उमटतंय. रघुवीरजी म्हणाले, तीन वाजेपर्यंत सगळा माल निघाला पाहिजे, नाहीतर बेटमा गावचे ग्राहकही दुसरीकडे जातील.

१२.४०

खूप विचार केला. हे जाणणारा इंदूरमध्ये मला माहीत असलेला एकच माणूस आहे. शत्रूकडून माहिती काढून घेणं हा लढाईचाच भाग असतो. फोन केला. आवाज पूर्ण तटस्थ ठेवला. शेवटी फक्त थोडा रडवेला झाला.

५.३०

वीस मिनिटांत आला, हेल्मेट हातात. खाली कोपऱ्यात बोट दाखवलं. दोन बटणं एकदम दाबली की टोप्या चालू, पुन्हा दाबली की बंद. पाच दिवस ते चिन्ह तिथेच होतं. काही काढून टाकायची गरजच नव्हती.

मला हसला नाही. हे मुद्दाम नोंदवते, कारण ते जास्त अपमानकारक आहे. जाताना रघुवीरजींना म्हणाला, अरे भिया, सेटिंग थी, किसी से भी हो जाती है.

म्हणजे माझ्यासाठी अर्धसत्य बोलला. मला ते सहन होईना. मी आत जाऊन रघुवीरजींना पूर्ण सांगितलं, एस्पेरांतोसकट. ते म्हणाले, बेटा, माल निकल गया ना, जा, चाय पी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

एकतीस ग्राहकांना हाताने माफीची पत्रं लिहायला घेतली. नवव्या पत्रानंतर रघुवीरजींनी थांबवलं. बेटमाहून फोन आला होता की दुकान बंद होतंय का.

उन्मेषचा डाव आता कळला. उपकार करायचा, म्हणजे मला सूड घेता येऊ नये. चलाख आहे. पण उपकार एका बाजूला, सूड दुसऱ्या बाजूला. दोन्ही वेगवेगळे. आभाराचा मेसेज पाठवला, फक्त तीन शब्दांचा. त्यावर त्याने अंगठा पाठवला.

१६ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी

संपादकपद जिंकलं.

भाषण पाठ केलं होतं, तीन मिनिटांचं. माझा लेख टोप्यांसकट छापून नेला होता. तो टेबलावर ठेवला आणि उभी राहिले. संपादकाच्या जागेविषयी मला काही बोलायचं आहे, एवढंच म्हटलं, तर उन्मेषने मंडळाचा लॅपटॉप, चार्जर आणि पेनड्राइव्ह माझ्या मांडीवर ठेवले. मांडीवर म्हणजे मला खाली बसावं लागलं. म्हणाला, वसुधाजी, मी दोन वर्षांपासून हे कोणाला तरी द्यायला बघतोय. इंदुमतीबाई म्हणाल्या, चला, सुटला बिचारा. मानसने टाळ्या वाजवल्या आणि माझ्या वाटणीची जिलेबी घेतली.

पराभवाने उन्मेषचा चेहरा पडला होता. हसत होता, पण काही लोकांचा पडलेला चेहरा तसाच दिसतो.

बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, म्हणजे आता नाव सगळ्यात वर. मी म्हटलं, सगळ्यात वर.

२४ नोव्हेंबर, सोमवार

विशेषांकाचे लेख येऊ लागले. मानस टोपीऐवजी अक्षरापुढे h लिहितो. पण काही शब्दांत खराही h असतो, त्यामुळे एकेक शब्द बघावा लागतो. इंदुमतीबाईंनी अकरा पानं हाताने लिहून दिली आहेत, टोप्या लाल शाईने, काही टोप्या शेजारच्या अक्षरावर. पाचवे सदस्य मुकुलजी. ते टोपीच्या जागी मोकळी जागा सोडतात आणि म्हणतात, आप समझदार हो, भर लेना.

सकाळी ऑफिसआधी एक तास, जेवणाच्या सुट्टीत अर्धा. लॅपटॉप ऑफिसला नेते. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आता मी साधा x दाबायच्या आधीसुद्धा कोपऱ्यात बघते.

उन्मेषचा लेख अजून आलेला नाही. वाट बघते आहे. त्यातली एक टोपी जरी चुकली, तरी पुढच्या बैठकीचा रविवार माझा.

७ डिसेंबर, रविवार. सकाळी ९.२०

आला.

पूर्ण लेख x मध्ये आहे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही टोपी नाही. वर चिठ्ठी: वसुधाजी, घाईत आहे, टोप्या तुम्ही घालालच.

इतकं न्याय्य, इतकं आयतं. मोजले. दोनशे चौदा x. चौदा तारखेच्या बैठकीत सगळे वाचणार. सूचना द्यायची नाही. आरशासमोर सराव केला. क्स. क्स. बाबांनी बाहेरून विचारलं, मांजर आलं का.

११.००

पानं कशी लावायची ते बघायला पेनड्राइव्हमधलं उन्मेषचं जुनं फोल्डर उघडलं. त्यात माझे आधीचे दोन लेख होते. प्रत्येकाच्या दोन प्रती. एकीवर लिहिलं होतं, आलेला. दुसरीवर, टोप्या घातलेला.

दुसऱ्या लेखाच्या टोप्या घातलेल्या प्रतीची तारीख गेल्या दिवाळीतली. लक्ष्मीपूजनाची दुपार.

दोन्ही मिळून तीनशे अठरा टोप्या. दोनदा मोजल्या.

झेरॉक्सवाल्याच्या मशीनविषयी वर जे लिहिलं आहे ते खोडत नाही. नोंद आहे तशी राहिली पाहिजे.

११.३०

सूडाचा निर्णय बदललेला नाही. फक्त न्याय म्हणून, त्याच्या लेखाला आधी टोप्या घालते. म्हणजे दोन प्रती होतील. बैठकीत कोणती वाचायची ते ऐनवेळी ठरवता येईल.

१४ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ७

उभी राहिले. दोन्ही प्रती हातात होत्या. x वाली वर होती. उन्मेष समोर बसला होता, बशीत पोहे, अजिबात सावध नाही. इंदुमतीबाईंनी बशी आधीच लांब ठेवली होती, मागे शेव सांडली होती म्हणून.

खालची प्रत वाचली.

सगळ्यांनी लेखाचं कौतुक केलं. भाषा किती स्वच्छ, असं इंदुमतीबाई म्हणाल्या. उन्मेषला म्हणाल्या. टोप्यांविषयी कोणीच काही बोललं नाही. दोनशे चौदा टोप्या जागच्या जागी होत्या, त्यामुळे कोणाला दिसल्याच नाहीत.

दुर्बलतेमुळे नाही वाचली ती प्रत. पोहे खाणाऱ्या माणसावर हल्ला करणं नियमात बसत नाही.

१५ डिसेंबर, सोमवार. सकाळी ८

अंक बाबांच्या हातात दिला. त्यांनी हात धुऊन, पुसून घेतला. बरोबर माझ्या नावावर बोट ठेवलं. V चा आकार त्यांना ठप्प्यांमुळे ओळखता येतो. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, सगळ्या कागदावर टोप्याच टोप्या आहेत, आणि तुझ्याच नावावर एकपण नाही.

मी सांगितलं की माझ्या नावात टोपीचं अक्षर येत नाही.

त्यांनी बोट खाली सरकवलं. दुसऱ्या लेखावर मोठ्या ठशात Unmeŝ. शेवटच्या अक्षरावर टोपी, नीट मधोमध. तीनदा सरकवून बसवली होती. विचारलं, हा कोण.

मी म्हटलं, तो माझा शत्रू आहे.

बाबांनी अंक डोळ्यांजवळ नेला. म्हणाले, टोपी छान बसली आहे याला. कोणी घातली.

मी म्हटलं, मीच.