मायनस काढून ठेव

८ मार्च, शनि.
गेली. पूर्ण गेली. किल्ली फिरवली तर साधी टिकटिकसुद्धा नाही. पाच महिन्यांनी माझी लाल गाडी समोर, छप्पर उघडायला हात शिवशिवताहेत, आणि बॅटरी मेलेली! यान, इथला डच शेतकरी, हिवाळाभर गाड्या ठेवून घेतो; त्याच्या कोठारात थंडी मी म्हणत होती. चहूकडे लोकांच्या कॅरव्हॅन, मधे आमचं दोन सीटचं ध्यान. पुण्याहून पाहुणे आलेले बाबा हात मागे बांधून उभे. ऑक्टो.मध्ये फोनवर म्हणाले होते, "मंजे, गाडी उभी करशील तेव्हा मायनस काढून ठेव." मी म्हटलं, बाबा, बॅटरीची वायर काढून ठेवावी लागेल असल्या गाड्या आता राहिल्या नाहीत. कंपनीच्या साहेबांची गाडी चौतीस वर्षं चालवलेल्या माणसाला मी हे सांगितलं! आज ते सरळ बाह्या सरसावून डिकीकडे वळले. तेच जास्त लागलं.

खरी भानगड वेगळीच. डॅशबोर्डवरचा गणपती. बाबांनीच दसऱ्याला पुण्याहून पाठवलेला, मागे छोटा दिवा, वायर लायटरच्या सॉकेटमध्ये. हळद-कुंकू वाहिलं, फोटो पाठवला, पुढच्या शनिवारी गाडी इथे आणून लावली. दिवा तसाच! गाडी बंद असली तरी ते सॉकेट चालू राहतं, हे मला आज कळतंय. बाबा डिकीत बॅ. पाहायला वाकले तेवढ्यात वायर उपटली, गणपती कोटाच्या खिशात. त्यांना कळलं तर उगाच मनाला लावून घेतील. (खरं लिही. लाजही वाटली.)

बाबांचं परतीचं विमान ३१ ला. यान कोठार उघडतो फक्त शनिवारी, नऊ ते बारा. उरले तीन शनिवार. बाबांना या गाडीतून फिरवायचं म्हणजे फिरवायचंच. जन्मभर दुसऱ्यांना फिरवलं, त्यांना कोणी फिरवलेलं नाही.

९ मार्च, रवि.
बॅ. काढून टॉवेलात गुंडाळून घरी आणली, मागच्या शेडमध्ये. मीटरवर २.१ व्होल्ट. चार्जर लावला तर लाल दिवा लागला आणि चार्जर गप्प. मंदार म्हणाला नवीन आण. नवरा शहाणा असला की हा त्रास असतो.
बाबा म्हणाले थांबा. घरच्या मोठ्या गाडीची बॅ. मागवली, प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडलं, वर चार्जर. "चार्जरला वाटलं पाहिजे की ही जिवंत आहे." दहा मिनिटांनी मोठी बॅ. बाजूला काढली, आणि हिरवा दिवा लुकलुकायला लागला! मी शेडमध्ये नाचले. शेजारीण कुंपणावरून बघत होती. बघू दे.

१२ मार्च, बुध.
आज घरूनच काम. दोन मीटिंगच्या मधे शेडकडे धाव. १२.४! बॉसने विचारलं, धापा का टाकतेस. काय सांगू?
बाबा स्वेटर घालून तिथेच खुर्चीत बसतात, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे. चहाही तिथेच लागतो.

१५ मार्च, शनि.
बॅ. बसवली. डॅशबोर्डचे सगळे दिवे लागले, मी टाळ्या वाजवल्या. किल्ली. घर्र... घर्र... संपलं.
बाबा: "दम नाही अजून. घाई केलीस." घाई मीच केली होती, खरंय. पुन्हा टॉवेल, पुन्हा शेड. यानने कॉफी दिली. तो डचमध्ये बोलतो, बाबा मराठीत, आणि दोघांचं माझ्यापेक्षा बरं चाललंय.

२२ मार्च, शनि.
कोठार बंद!! दाराला चिठ्ठी: भावाचा सत्तरावा वाढदिवस, पुढच्या शनिवारी भेटू. या देशात वाढदिवसापुढे कोणाचं काही चालत नाही. बॅ. मांडीवर घेऊन मी मोठ्या गाडीत बसून राहिले. रडू आलं. बाबा म्हणाले, राहू दे गं, फोटो आहेत की माझ्याकडे.
फोटो!

२५ मार्च, मंगळ.
१२.६. काल रात्रीही १२.६, आज संध्याकाळी पण तेवढंच. उतरत नाहीये! मंदारसुद्धा दोनदा बघून आला, सायकल काढायच्या निमित्ताने.

२९ मार्च, शनि.
झाली झाली झाली!
८.४० लाच दारात. मायनस बाबांनी स्वतः आवळला. एकच घर्र, मग एक ढास, मग ती अशी गरजली की यान दोन पावलं मागे सरला. माझा जीव भांड्यात पडला. यानने ट्रॅक्टरने दोन कॅरव्हॅन ओढून वाट करून दिली.
बाहेर आल्यावर बाबा चटकन उजव्या दाराने बसले, दार लावलं, हात पुढे केले. समोर स्टिअरिंग नाही. इथे ते डावीकडे, माझ्याकडे. हात मांडीवर घेतले. दोघेही हसलो. पण ते हात पुढे गेलेले पाहिले ना, तेव्हापासून...

३० मार्च, रवि. पाडवा
आजच इथली उन्हाळी वेळ सुरू, घड्याळं पुढे, एक तास गायब. तरी गुढी वेळेत. वाऱ्याने साडी सारखी उडत होती. पुरण मंदारवर टाकून आम्ही दोघं निघालो.
छप्पर उघडं, बाबांना माकडटोपी. कालव्याकाठचा रस्ता, हायसिंथच्या फुलांचा वास, आणि बाबांचा उजवा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबतोय. वळणावर हळूच म्हणाले, "गिअर छान टाकतेस." मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. छत्तिसाव्या वर्षी मॅनेजर झाले तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.
मग बाबांनी विचारलं, "गणपती कुठाय?" खिशातून काढून दिला. म्हणाले, पहिल्याच शनिवारी रिकामी जागा दिसली होती. "वायर मीच लावून पाठवली. काढून ठेव असं तेव्हा सांगायला हवं होतं." तीन आठवडे दोघंही एकमेकांपासून तेच लपवत होतो!
यानच्या खाजगी रस्त्याला वळले. सरळ, रिकामा. मी उतरले, डावं दार उघडं धरलं. म्हटलं, बाबा, बसा.
बाबांनी सीटवरून हात फिरवला. मग म्हणाले, "लायसन्स दोन वर्षांपूर्वी संपलं. लायसन्सशिवाय मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही." इथे कोण बघतंय म्हटलं, तर मान हलवली. जास्त आग्रह केला नाही. पण किती वाईट वाटलं.

३१ मार्च, सोम.
सोडून आले. बॅगेत चीज, यानने दिलेले कांदे. आत जाताना वळून एकच: "मायनस."

५ एप्रिल, शनि.
बाबांचा व्हॉइस मेसेज, बसच्या आवाजात. तीनदा ऐकला.
"मंजे, आरटीओत जाऊन आलो. पुन्हा परीक्षा द्यावी लागेल म्हणतात. मला, परीक्षा! देईन. आधी डोळे तपासायचे, मंगळवारी. ते झालं की परदेशात चालवायचा परवाना. गाडी विकू नकोस."
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. त्यांना माहितेय, मला माहितेय. डॉक्टर काय म्हणतील कोण जाणे.
आत्ता जाऊन मीटर लावला. १२.६. गणपती परत डॅशबोर्डवर, वायर कापून.