विहिरीतल्या कासवाचा शेवट

किहीम, १२ मार्च १९५६, संध्याकाळ

मी मुलांसाठी लिहिलेली कासवाची गोष्ट काल माझ्या सुमीला वाचून दाखवली. पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत सोडलेलं कासव शेवटी समुद्रात पोचतं. झालं! आज सुमीनं आमच्या विहिरीतलं कासव पोहऱ्यातून वर काढलं आणि निघाली समुद्रावर. वाटेत मासळीवाल्या जनाबाईनं अडवलं.

"बाय, यो कासव गोड्या पान्याचा हाय. खाऱ्यात मरंल ना गो!"

जन्म समुद्राकाठी गेला, आणि मला हे सुचू नये? शेवट खोडला. नवा सुचत नाही.

कासव परत विहिरीत. सुमी कठड्यावरून वाकून त्याला समुद्र कसा असतो ते सांगतेय. लाटा, होड्या, शिंपले, सगळं. पाणी खारं असतं, तेवढं मात्र सांगत नाही.