एका ब्लॉकचं पाणी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
किल्लारी, ४ मार्च २०१६

चि. सिंधु हिस संगप्पाकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू ‘बघू’ म्हणून ठेवून देतेस. कागदाला उत्तर द्यावंच लागतं, म्हणून पत्र.

बातमी लई मोठी! हैदराबादला दवाखाना बांधणारी कंपनी आपले सिमेंटचे ब्लॉक घ्यायला तयार आहे. अट एकच. एक ब्लॉक होताना वीज, डिझेल, पाणी किती लागलं, धूर किती गेला, हे मोजायचं, बाहेरच्या तपासनिसाकडून पडताळायचं आणि जाहीर करायचं. पर्यावरण घोषणापत्र म्हणे. भूकंपानंतर गवंड्याच्या हाताखाली घमेलं उचललेला मी, आणि आता माझ्या ब्लॉकची कुंडली! तू नांदेडच्या कॉलेजात हेच शिकवतेस, तेव्हा ज्योतिषीण तूच.

हे काम हुकलं तर उन्हाळाभर कारखाना बंद, आणि गुरम्मासकट सगळ्या कामकरी बायका पुण्याच्या वाटेला. उदगीर जिल्हा होणार, कचेऱ्यांना ब्लॉक लागणार, अशी हवा आहे; पण हवेवर चूल पेटत न्हाई. लवकर ये. काकू धपाटे करायला बसलीच आहे.

आलीस की लोभ आहेच.
तुझा, संगप्पाकाका

नांदेड, १४ मार्च

ती. संगप्पाकाकांना सिंधुचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

धपाट्यांची चव अजून जिभेवर आहे. वीज, डिझेल, सिमेंट यांचे हिशेब उत्तम जमले. पण पाणी! नळीला मीटर बसवून दिवसभर मोजलं आणि आकडा पाहून मलाच घाम फुटला. ब्लॉक पक्का व्हायला तराई लागते, पाणी मारत राहावं लागतं, हे मलाही कळतं. पण तो ब्लॉक आहे की उन्हाळ्यातली म्हैस? हा आकडा जाहीर झाला तर हैदराबादवाले पाठ फिरवतील, आणि या दुष्काळात गावकरी तुमचा टँकर अडवतील. तुमचे कान तिखट. त्या दिवशी नळी एवढी का वाहत होती, ते ऐकून कळवा.

काकूंना नमस्कार. रागावलात तरी माया असू द्या.
सिंधु

किल्लारी, १८ मार्च

चि. सिंधुस आशीर्वाद.

कान लावले! बायका जेवायला बसल्या तेव्हा मी पोत्यांच्या थप्पीआड उभा होतो. गुरम्मा पंचफुलाला सांगत होती, की मालकाची पुतणी तपासायला आली, तिला काय कोरडे ब्लॉक दाखवायचे? मालकाचं नाक गेलं असतं. म्हणून तिनं नळी सोडलीच न्हाई. अगं, पाहुण्याला पाय धुवायला पाणी द्यावं, तसं यांनी तुझ्या मानासाठी ब्लॉकला न्हाऊ घातलं! एरवी ओली पोती पांघरतात, वर प्लास्टिक टाकतात, झालं. हसू का रडू सांग.

रोजचं पाणी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर न्हाई. तेवढंच लिहून मोकळी हो. मुदत संपत आली आहे, आणि तपासनीस काय इथं वाकून बघतोय?

तुझ्यावरच भरवसा.
संगप्पाकाका

नांदेड, २२ मार्च

ती. काकांना नमस्कार.

तुमच्या अंदाजावर मी सही करणार नाही. हवं तर काकूंना सांगून माझे धपाटे बंद करा. आकडा खोटा निघाला तर हैदराबादच काय, तुमचा ब्लॉक औशातही कोणी उचलणार नाही. कंपनीकडून मुदत वाढवून घ्या. पाणी पुन्हा मोजू. पण कधी आणि कसं, ते तुम्हालासुद्धा सांगणार नाही. गुरम्माला तर मुळीच नाही.

हट्टी असले तरी तुमचीच,
सिंधु

किल्लारी, २ मे

चि. सिंधु हिस आशीर्वाद आणि शाबासकी.

उमरग्याचा व्यापारी म्हणून तू धाडलेला तुझा विद्यार्थी मन्मथ पहिल्याच दिवशी ओळखला गेला, बरं का! मी भाव सांगितला आणि पठ्ठ्या ‘बरं’ म्हणाला. किल्लारीत पहिल्या भावाला ‘बरं’ म्हणणारं गिऱ्हाईक अजून जन्मलं न्हाई. माल निरखायच्या निमित्तानं रोज मीटरपाशी घुटमळायचा. बायकांनी ढुंकून बघितलं न्हाई; गिऱ्हाइकं रोजच येतात.

मोह लई झाला. गुरम्माच्या कानात एक शब्द टाकला असता, तर तिनं आठवडाभर थेंब पडू दिला नसता. पण मग ब्लॉक तडकले असते, आणि तुझ्यासमोर मीही. जीभ दाताखाली धरून बसलो.

आकडा माझ्या अंदाजापेक्षा वरच निघाला, पण त्या न्हाऊ घातलेल्या दिवसापेक्षा बराच खाली. तपासनिसानं मान्य केला, हैदराबादनं घेतला. लातूरला रेल्वेनं पाणी येत असताना लपवायचं कशाला, म्हणून तोच आकडा फाटकावर ठळक रंगवला. लोक थांबून वाचतात. आपल्या घरच्या घागरींशी ताडून बघतात. टँकर अजून कुणी अडवला न्हाई.

पहिली गाडी आज सकाळी भरली. गुरम्मानं पुण्यासाठी बांधलेलं बोचकं सोडलं, आतलं जुनं लुगडं काढलं, आणि भिजवून ताज्या ब्लॉकवर पांघरलं.

मन्मथला भाव करायला शिकव. बाकी आमची माया तुला ठाऊक आहेच.
संगप्पाकाका