ड्वाइटची सात इंची चाकं

प्रिय व्हर्ना,

पत्र पाहून घाबरू नकोस, तब्येत बरी आहे. तोंडाने सांगायला गेलो की भलतंच काही बोलतो, म्हणून लिहितोय. सहावीनंतर शाळा सुटली. चुकलंमाकलं सांभाळून घे.

तू एकच विचारलं होतंस. निळ्या गाडीची चारही चाकं कारखान्यातूनच आलीत असं ड्वाइट शेवटपर्यंत म्हणत राहिला, ते खरं की नवऱ्याची बढाई? खरं, व्हर्ना. हवा भरायच्या भोकाजवळचा रंग खरवडला, तर खाली कंपनीचा शिक्का निघाला आणि तारीखही. गाडी तयार झाली त्याच्या तीन आठवडे आधीची. असली रुंद चाकं फार थोड्या गाड्यांना लागली. तुझ्या गॅरेजात मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

आता अवघड भाग. चोवीस वर्षांपूर्वी जत्रेतल्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात सगळ्यांसमोर त्याला हसणारा मीच. चाकाला बाहेरून, काठापासून काठापर्यंत टेप लावली, आठ इंच भरले. म्हणालो, "ड्वाइट, कंपनीने आठ इंची चाक कधी दिलंच नाही. दुकानातून आणलीस, कबूल कर की." लोक हसले. पुन्हा त्याने गाडी तिथे आणली नाही. रुंदी आतून मोजतात, टायर बसतो तिथून, हे मला फार उशिरा कळलं. तुझ्या चाकांचे टायर तेव्हा बदलायला काढलेले होते, म्हणून आतून मोजता आलं. सात. नेमके सात.

आणि हे मला तुझ्याकडे चाकं बघायला आलो त्या पहिल्याच रविवारी कळलं होतं. तरी कधी रंग बघायचाय, कधी पुस्तकात शोधायचंय म्हणत दोन महिने येत राहिलो. सफरचंदाचा केक पुढे सरकवत तू म्हणायचीस, "परत मोजतोयस, लोवेल? आठवड्यात वाढलं की काय ते?" मला वाटायचं, आज सांगितलं तर पुढच्या रविवारी कोणत्या तोंडाने येऊ? शिवाय माझी चूक ऐकून तू दार लावून घेशील, ही धास्ती.

शनिवारी पुन्हा प्रदर्शन आहे. मी माइक मागून ठेवलाय. ड्वाइट खरा होता आणि मी चुकलो, हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू गाडी घेऊन ये. माझ्यावर रागावली असलीस तरी ये. आणि राग नसेल, तर परतताना शेजारच्या सीटवर मला बसू दे. नंतरच्या रविवारीही यायचंय मला. मोजायला काही उरलेलं नाही, तरी यायचंय.

तुझाच (हा शब्द तीनदा खोडला, चौथ्यांदा तसाच ठेवलाय),
लोवेल