दोन सीटची लाल गाडी

सुरत, रविवार, ८ डिसेंबर १९९६

सकाळी अमेरिकेहून प्रकाशचा फोन. कॉलेजात जायला त्याला जपानहून आलेली जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. लाल, दोन सीटची! परदेशी विद्यार्थ्याला बँक जामिनाशिवाय कर्ज देत नाही, तर त्याचे प्रोफेसर जामीन राहायला तयार झालेत. घोडं अडलंय विम्यावर. वय तेवीस, तिथलं लायसन्स तीन महिन्यांचं, त्यात स्पोर्ट्स कार. विम्याचा हप्ता कर्जाच्या हप्त्यापेक्षा जास्त!

"ताई, तू विम्याच्या ऑफिसात आहेस, काहीतरी सुचव ना."

मी इथल्या पांडेसरा भागातल्या टेम्पोंच्या पॉलिसी लिहिते, मी काय सुचवणार? तरी म्हटलं, चार दारांची साधी गाडी घे, विमा स्वस्त पडेल. "बरं, बघतो," म्हणाला हिरमुसून. शाळेच्या वह्यांवर गाड्याच काढायचा बिचारा. इतकं रोखठोक बोलायला नको होतं का मी?

तेवढ्यात नानांनी रिसीव्हर ओढून घेतला आणि लेकाला आपल्या अहिराणीत विचारलं, "दोनच सीट? मंग मी नि तुनी माय उनूत ते कोठे बससूत?"

आई-नाना तिकडे आले तर? मी कान लावूनच उभी राहिले. दीड वर्ष तो 'या, या' म्हणतोय आणि नाना दर वेळी मिलमध्ये सुटी नाही म्हणून उडवून लावतात.

"नाना, खरंच येणार?" पलीकडून प्रकाश ओरडलाच.

"गाडी ते ले पहिले."

फोन ठेवला. नानांनी चहा संपवला. मग बशी खाली ठेवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पासपोर्टना फॉरम कोठे भेटस गं?"