चीजवरची माशी

ती. योरीसदादास,

अलीदाचा नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? रीत म्हणून विचारते हो, माझा स्वतःचा जीव अजून थाऱ्यावर नाही. आधी खुर्चीत बस, मगच पुढचं वाच.

रविवारी आईला आमच्या संग्रहालयात नेलं. (ती त्याला अजून वजनघरच म्हणते. आजोबा तिथं तराजूपर्यंत चीजचे गोळे वाहायचे. आता तिथं जुन्या चित्रकारांची चित्रं लागलीत आणि आपली लेक पहारा करते, हे तिला अजून पटलेलं नाही.) बिचारी गुणी बाळासारखी फिरली. सरदारांच्या गळ्यातल्या पांढऱ्याशुभ्र झालरी बघून, "ह्या रोज कोण धूत असेल गं?" एवढंच काय ते विचारलं. मग आलो आम्ही त्या चित्रापाशी. लिंबू, चीज आणि चीजवर बसलेली ती प्रसिद्ध माशी! (तिचं चित्र छापलेले मोजे आणि छत्र्या विकतो आम्ही, दादा.) मी एका पाहुण्यांना दरवाजा दाखवायला वळले, तेवढ्यात आईनं रुमाल काढला, त्यावर थुंकली आणि माशी पुसली.

पुसली म्हणजे पुसलीच! साडेतीनशे वर्षं बसलेली माशी रुमालावर आली रे! भोंगा केकाटतोय, माणसं धावतायत आणि मातोश्री रुमालाची घडी घालत म्हणतात, "वजनघरात चीजवर माशी? तुझ्या आजोबांनी अख्खा ढीग परत पाठवला असता!"

काय केलं ते तिला नंतर कळलं. तेव्हापासून अन्नाला हात लावत नाही. "एवढ्या मोठ्या माणसाच्या कामाचं मी वाटोळं केलं," म्हणते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेली आपली आई! बघवत नाही रे. माझ्या नोकरीचं काय ते साहेब सोमवारी सांगणार आहेत.

आणि ह्याच्यावर कडी ऐक. आमच्याकडे तुझ्यासारखीच चित्रं दुरुस्त करणारी मार्लूस आहे, तिनं मला हळूच बाजूला घेतलं. म्हणाली, जुना तेलरंग थुंकीनं निघत नाही, मळ काढायला आम्हीसुद्धा थुंकीच वापरतो. (शी! आणि मी त्या चित्रांसमोर डबा खाते!) ही माशी साध्या जलरंगाची, फार तर वीस वर्षांची. वीस वर्षांपूर्वी ते चित्र साफ करायला कुणाकडे होतं, दादा?

तुझी (अजूनही),
अलीदा

ता. क. तेव्हा सोमवारच्या आत ये आणि साहेबांसमोर कबूल हो. खरी माशी तुझ्या हातून गेली, की मुळात नव्हतीच आणि तू मजेत बसवलीस, ते तुझं तू सांग. तोवर मार्लूस गप्प राहील.

ता. क. दुसरा. मला राहवलं नाही, आईला सांगून टाकलं. ताडकन उठली, दोन वाडगे सूप प्याली आणि बूट घातले. टपालाचा काही भरवसा नाही, म्हणून हे पत्र तिच्याच हाती देतेय. वाचून झालं असेल तर मान वर कर.